नेलपॉलिशचा झेंडा

आमच्या भाऊजींना सगळे देवमाणूस म्हणतात. सगळे म्हणजे, ज्यांनी त्यांना रविवारी दुपारी पाहिलेलं नाही ते सगळे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घरगुती यंत्रं विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात परत आलेल्या मालाचा काउंटर आहे, तिथे ते बसतात. न तापणारी इस्त्री, गळणारी किटली, उगाच गुरगुरणारा पंखा आणि त्यामागोमाग पंख्यापेक्षा जास्त गुरगुरणारा माणूस, असं दिवसभर त्यांच्या पुढ्यात येऊन आदळत असतं. भाऊजी हूं की चूं करत नाहीत. गिऱ्हाईक तोंड सोडतं, हे मान डोलावतात. आमचे जावई झाले तेव्हापासून त्यांचं हेच काम. आता माणूसच तो, कुठून तरी वाफ जायला हवी ना? ती जायची माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत.

माझं चष्म्याचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी मागच्या खोलीत काचा घासायची यंत्रं होती. ती भंगारात गेली आणि मधलं, कुठल्याच दारातून न निघणारं टेबल तेवढं मागे राहिलं. एकदा शाळेतले भूगोलाचे मास्तर चष्म्याची काडी बसवून घ्यायला आले. त्यांनी ते टेबल पाहिलं आणि त्यांच्या तोंडाला पाणीच सुटलं. "यावर एक अख्खी लढाई बसेल हो," म्हणाले. मला वाटलं, गमतीने म्हणताहेत. पुढच्या रविवारी ते थर्माकोलच्या टेकड्या काखेत मारून हजर.

तर खेळ असा. अंगठ्याएवढे धातूचे सैनिक, ज्याचे त्याने बारीक ब्रशने रंगवलेले. निळ्या रेक्झिनची नदी, भांडी घासायच्या स्पंजची झाडं. टेबलाच्या दोन बाजूंना दोन सेनापती. तुकडीने किती चालायचं ते शिंप्याच्या टेपने मोजायचं, गोळी लागली की नाही ते फाशांनी ठरवायचं. आणि केस पिकलेली माणसं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून, माझ्या तोफेला तुझी तुकडी दिसते की दिसत नाही, यावर हमरीतुमरीवर येतात. मग मला बाहेर दुकानात हाक येते. दिसतं की नाही दिसत, हा माझा धंदाच आहे. मी सैनिकाच्या डोक्याइतकी खाली वाकते, एक डोळा मिटते आणि निकाल देते. लढाईतलं मला बाकी ओ की ठो कळत नाही, पण माझ्या निकालावर अपील नाही.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक रीत घालून दिली होती. दुसऱ्याच्या सैनिकाला बोट लावायचं असेल तरी आधी विचारायचं, "हात लावू का?" मग तो सैनिक टेबलावर आडवा पडलेला असो, नाहीतर गडगडत फरशीवर गेलेला असो. कारण कोणीतरी त्याच्यापायी डोळे फोडून घेतलेले असतात. त्यातले काही डोळे माझ्याकडे नंबर वाढवून घ्यायला येतात, म्हणून मला माहीत. बाकी मग हरणाऱ्याला डिवचू नये, जिंकणाऱ्याने नाचू नये, समोरचा एखादी चाल विसरला तर त्याला आठवण करून द्यावी, अशा साध्यासुध्या गोष्टी. सगळे पाळायचे. भाऊजी सोडून.

भाऊजी फासे टाकायचे नाहीत, हाणायचे. दान चांगलं पडलं की टेबलाभोवती नाचायचे. वाईट पडलं की फाशाचा दोष, टेबलाचा दोष, डोक्यावरच्या पंख्याचा दोष. समोरच्याने टेप लावला रे लावला की "ताणू नकोस, ताणू नकोस!" आणि समोर बहुतेक वेळा असायचा बेकरीवाला.

बेकरीवाला आणि भाऊजी शाळेत एका बाकावर बसलेले. बेकरीवाला आडव्या अंगाचा, शांत. उजाडायच्या आधीच भट्टी पेटवायची असते, त्यामुळे रविवारी दुपारी तो यायचाच मुळी पेंगत. चाल करायला इतका वेळ लावायचा की समोरच्याचा चहा निवून जायचा. पण त्याचं सैन्य सगळ्यांत देखणं. ते पावाच्या ट्रेमधून यायचं, वर स्वच्छ फडकं घातलेलं. निळे कोट, पांढरे पट्टे आणि पुढे पिवळा झेंडा घेतलेला एक झेंडेवाला. त्या झेंडेवाल्याच्या मिशीला पीळ होता. अंगठ्याएवढ्या माणसाच्या मिशीला पीळ! आणि असा पेंगत पेंगत खेळून बेकरीवाला दर वेळी जिंकायचा. भाऊजींनी त्याला जन्मात एकदाही हरवलेलं नव्हतं. खरं दुखणं तिथे होतं.

त्या रविवारी पुलाची लढाई होती. ज्याच्या हातात शेवटी पूल, तो जिंकला. अगदी शेवटापर्यंत पूल भाऊजींकडे होता आणि एका दानात गेला. भाऊजींनी टेबलावर मूठ आपटली. पूल उडाला, झाडं उडाली, पिवळा झेंडेवाला फरशीवर पडला आणि त्याचा झेंड्याचा हात खांद्यातून मोडला. एवढ्यावर थांबतील तर ते भाऊजी कसले? म्हणाले, "मोठा आलाय सेनापती! जा, पीठ मळ जा!"

बेकरीवाल्याने एकेक सैनिक ट्रेमध्ये निजवला, फडकं घातलं आणि निघून गेला. झेंडेवाला त्याने शोधलासुद्धा नाही. तो नंतर भाऊजींनी टेबलाखाली वाकून उचलला आणि खिशात टाकला. विचारायला समोर कोणी नव्हतंच, पण असतं तरी त्यांनी विचारलं असतं असं नाही.

मास्तर आवाज चढवत नाहीत. त्यांनी फासे डबीत भरले आणि म्हणाले, "बेकरीवाला आपणहून तुमच्यासमोर उभा राहीपर्यंत तुम्हाला या टेबलावर जागा नाही. राहिला, तर एक अख्खा डाव खेळायचा, एकही भांडण न करता. मग तुमचं काय करायचं ते तो ठरवेल."

बेकरीवाला यायचाच बंद झाला. भाऊजींचे रविवार घरी जायला लागले आणि ताईचे फोन मला यायला लागले. "अगं, परत घ्या गं याला. दुपारभर माझी कपाटं लावत बसतो आणि कपाटांशी भांडतो." मी हसले. मला त्यांची दया वगैरे काही येत नव्हती, आधीच सांगते. पण एके दिवशी ताई वेगळ्याच आवाजात म्हणाली, "काल काय म्हणाला माहितीये? म्हणाला, खेळ गेला तर गेला. पण त्याच्या बेकरीवरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या फुटपाथने जातो. चाळीस वर्षांचा मित्र गं. एवढं बोलला आणि जेवता जेवता उठला." ते ऐकून माझा राग निम्मा उतरला. निम्माच.

मग भाऊजींनी शहाणपणा केला. त्यांचा शहाणपणा रागापेक्षा महाग पडतो. त्यांनी झेंडेवाल्याचा हात चिकटवला. झेंडा चुरगळला होता, म्हणून डब्याच्या पत्र्याचा नवा कापून लावला. पिवळा रंग घरात नव्हता, म्हणून ताईचं नेलपॉलिश घेतलं. लालभडक, चकाकणारं. आणि छाती फुगवून बेकरीत गेले. मी नेमकी तिथे पाव घ्यायला उभी होते.

त्यांनी झेंडेवाला बिस्किटांच्या बरणीशेजारी उभा केला. "घे. होता त्याच्यापेक्षा भारी करून आणलाय."

बेकरीवाल्याने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मूठ आपटली तेव्हा जो माणूस चिडला नव्हता, त्याचे कान लाल व्हायला लागले. "मोडलास ते मोडलास," तो म्हणाला. "रंगवलास कशाला? कोणाला विचारून?"

ज्यांनी कधी सैनिक रंगवला नाही त्यांना हे कळायचं नाही. मलाही पुष्कळ रविवार बघूनच कळलं. मोडणं हा अपघात असतो. पण दुसऱ्याच्या सैनिकावर आपला रंग चढवायचा, म्हणजे शेजाऱ्याच्या पोराला न विचारता न्यायचं आणि त्याचे केस कापून आणायचे. त्यात चूक झाली, तर माणसाने पाय धरावेत, निदान गप्प बसावं. भाऊजी म्हणाले, "अरे, पण लाल उठून दिसतो!" सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा. बेकरीवाल्याने झेंडेवाला खणात टाकला, खण बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पुढचं गिऱ्हाईक कोण?"

झालं ते झालं, म्हणून मी विषय सोडून दिला असता. पण त्याच आठवड्यात माझी किटली बिघडली आणि ती घेऊन मी भाऊजींच्या काउंटरवर गेले. माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांनी इस्त्री अशी आपटली की काउंटरवरचं पेन उडालं. "ही तुमची इस्त्री! नवाकोरा शर्ट जाळला! चोर आहात सगळे!"

भाऊजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे शर्ट नवा होता, इस्त्री तुम्ही मंदच ठेवली होती, तरी जळला. असंच झालं ना?"

बाई थांबल्या. "हो," म्हणाल्या. "असंच झालं." आवाज एकदम खाली. पुढचं सगळं दोन मिनिटांत उरकलं आणि जाताना बाई आभार मानून गेल्या. मला मात्र बाजूने काउंटरच्या आतलं दिसत होतं. भाऊजींच्या डाव्या हाताने फळीची कड अशी धरली होती की बोटं पांढरीफटक.

माझी किटली पुढे सरकवत मी विचारलं, "भाऊजी, त्या बाईंचं बोलणं तुम्ही त्यांनाच परत का ऐकवलंत?"

"अगं, माणसाला एवढंच हवं असतं की समोरच्याने ऐकलं. ऐकलं हे कळलं की निम्मं भांडण तिथेच संपतं. नव्या पोरांना मी पहिली हीच गोष्ट शिकवतो."

"मग बेकरीवाल्याचं कधी ऐकलंत?"

"तो काय गिऱ्हाईक आहे?" भाऊजी म्हणाले. "तो मित्र आहे."

"मग मित्र काय फुकट आलाय, त्याला कसंही बोलायला?"

भाऊजींनी किटलीचं झाकण उघडलं, परत लावलं, परत उघडलं. किटली बदलून दिली, पण माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मला वाटलं, जरा जास्तच बोलले. घरी जाईपर्यंत वाटलं, बरं बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बेकरीत गेले आणि मुकाट्याने रांगेत उभे राहिले. हे मला पुढे बेकरीवाल्यानेच सांगितलं. नंबर आल्यावर भाऊजी म्हणाले, "म्हणजे सैनिक तुझा. तो मी मोडला, न विचारता उचलला, न विचारता रंगवला आणि वर तुझ्या कामाला नावं ठेवली. असंच झालं ना?"

"असंच झालं," बेकरीवाला म्हणाला.

"चुकलं माझं," भाऊजी म्हणाले, आणि पावाचे पैसे देऊन निघाले. ते पायरी उतरले तेव्हा मागून बेकरीवाल्याने हाक मारली, "रविवारी पुलाची लढाई लावायला सांग मास्तरांना."

घोडामैदान जवळच होतं. त्या रविवारी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी न येणारेही आले. ताई आली, माझ्याशेजारी दाराला टेकून उभी राहिली आणि तिने माझं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. टेबलावर तोच पूल, तीच निळी नदी. बेकरीवाल्याने एक ट्रे उघडला आणि दुसरा फडक्यासकट बाजूच्या स्टुलावर ठेवला. "यात माझं राखीव घोडदळ. मागाहून डावीकडून येईल." मास्तर म्हणाले, "ज्या फेरीत आणायचं, ती सुरू होताना सांगायचं. फासे पडले की मग नाही. आणि बघ्यांनी तोंड उघडायचं नाही. आठवण करून द्यायची ती समोरच्याने."

भाऊजींनी पहिल्या तुकडीला हात घातला आणि थांबले. "आधी माझा इरादा सांगतो," म्हणाले. "ही तुकडी मला भिंतीआड न्यायचीये, तुझ्या तोफेला दिसणार नाही अशी. पटतंय?"

बेकरीवाला वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "आणखी जरा डावीकडे घे. तिथे कोपरा दिसतोय." म्हणजे बघा, शत्रूच सांगतोय कुठे लपायचं! बेकरीवाल्याची पाळी आली की भाऊजी त्याचं बोलणं परत म्हणून दाखवायचे. "म्हणजे तुझे बंदूकवाले झाडीच्या कडेला, आत नाहीत. असंच ना?" "असंच." आणि फासे हाताने न हाणता डबीच्या झाकणात हलकेच सोडायचे. नेहमी दर फेरीला मला दिसण्याचा निकाल द्यायला बोलावतात. त्या दिवशी एकदाही हाक आली नाही. माझ्याच खोलीत मी बेकार.

मधे एकदा बेकरीवाल्याला असं दान पडलं की भाऊजींच्या दोन्ही तोफा गेल्या. भाऊजींनी तोंड उघडलं. सगळ्यांनी श्वास धरला. "चांगलं दान पडलं," ते म्हणाले, दाढ दुखत असल्यासारखा आवाज काढून. खोलीत हशा पिकला आणि भाऊजीही हसले. ताई माझ्या कानात म्हणाली, "बोटं बघ." टेबलाची कड धरलेली डावी बोटं, पांढरीफटक.

डाव शेवटाकडे आला तेव्हा पूल भाऊजींकडे होता. आता बेकरीवाल्याला घोडदळ आणायला हवंच होतं. त्याने एक मोठी जांभई दिली, पुलासमोरची पायदळाची तुकडी थोडी पुढे सरकवली आणि फासे उचलले. स्टुलावरचा ट्रे तसाच. तो साफ विसरला होता.

मास्तरांना दिसत होतं. मला दिसत होतं. भाऊजींना तर दिसतच होतं, त्यांची नजर ट्रेवर खिळली होती. गप्प बसले असते तर भांडण झालं नसतं. मास्तरांची अट अक्षरशः पुरी झाली असती आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी बेकरीवाल्याला हरवलं असतं. मला खरंच वाटलं की ते गप्प बसणार. बेकरीवाल्याची मूठ फासे खुळखुळवत झाकणावर आली.

भाऊजींनी टेबलाची कड सोडली. "बेकऱ्या, फासे ठेव," ते म्हणाले. "तुझं घोडदळ राहिलंय."

बेकरीवाल्याने ट्रेकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. मग उठून फडकं काढलं आणि एकेक घोडा टेबलाच्या डाव्या कडेला मांडायला लागला. सगळ्यांत पुढे त्याने मांडला तो पीळदार मिशीचा झेंडेवाला. त्याला आता घोडा मिळाला होता. घोड्याची आयाळ, लगाम, खोगीर, सगळं बेकरीवाल्याच्या हातचं, केसाएवढं बारीक. आणि त्याच्या हातात तोच पत्र्याचा झेंडा, लालभडक, खिडकीच्या उजेडात चकाकणारा.

"अगं बाई, माझं नेलपॉलिश!" ताई ओरडली. बघ्यांनी बोलायचं नाही हे ती विसरली, आणि मास्तरही तिला काही बोलले नाहीत.

भाऊजी म्हणाले, "अरे, रंग नाही बदललास?"

"तुझा रंग आहे तो," बेकरीवाला म्हणाला. "विचारल्याशिवाय कसा बदलू?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मेवालीच्या डोळ्यांत पाणी आलेलं लोकांना दिसलं की दुकानाची अब्रू जाते, म्हणून मी पंख्याकडे बघितलं. भाऊजींनी मात्र बाहीने सरळ डोळे पुसले आणि म्हणाले, "चल, ये. तुझं घोडदळ बघू."

आणि घोडदळ आलं! लाल झेंडा पुढे, मागे निळे कोट. भाऊजींची त्या बाजूची फळी कापसासारखी उडाली. भिंतीआडची तुकडी गेली, टेकडीवरची गेली. दर वेळी भाऊजी "चांगलं दान" म्हणत होते आणि आता दाढ दुखत नव्हती. शेवटी पुलावर त्यांची एकच तुकडी उरली, आणि झेंडेवाला तिच्यावर चालून आला. दोघांनी एकेक दान टाकायचं, मोठं दान पूल घेणार. बेकरीवाल्याला पाच पडले. भाऊजींनी फासा झाकणात अलगद सोडला. तो एका कडेने फिरत राहिला, फिरत राहिला, आणि बसला तो सहावर.

खोली दणाणली. मास्तर टाळ्या वाजवत होते, ताई उड्या मारत होती, मी कोणाच्या तरी पाठीत गुद्दे घालत होते. एकटे भाऊजी खांबासारखे उभे. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा फुग्यासारखा टरारलेला. त्यांनी हात पुढे केला. "मस्त खेळलास रे," कसंबसं म्हणाले.

बेकरीवाल्याने हात हातात घेतला. "आता नाच."

"नको. जिंकणाऱ्याने नाचायचं नाही. रीत आहे."

"हरणारा सांगतोय तर चालतं. नाच लेका, किती वर्षं वाट बघितलीस!"

मग काय! भाऊजींनी अशी आरोळी ठोकली की शेजारचा घड्याळवाला, आत कोणाचा डोळा फुटला की काय, म्हणून धावत आला. ते टेबलाभोवती नाचले, ताईला घेऊन नाचले, घड्याळवाल्याला काही कळायच्या आत त्याला घेऊन नाचले. आणि त्यांच्यामागे, पेंगत पेंगत, टाळ्या वाजवत, बेकरीवाला.

सगळं शांत झाल्यावर मास्तरांनी घसा साफ केला. "मग, यांच्या जागेचं काय ठरलं?"

बेकरीवाल्याने खुर्ची ओढली, धपकन बसला आणि रिकामा ट्रे भाऊजींच्या पुढ्यात सरकवला. "मला झोप आलीये. तू भर."

आपलं सैन्य आपणच आवरायचं, हे त्या खोलीत इतकं पक्कं होतं की सगळे बघतच राहिले. भाऊजी वाकले. लाल झेंड्याजवळ त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

"लाव," बेकरीवाला डोळे मिटून म्हणाला. "पण रंगवू नकोस. आणि पुढच्या रविवारी वेळेवर ये."